फुकुशिमा दाईनी, मार्च २०११: वीज होती, पण पंपापर्यंत पोचत नव्हती

दाईनीत वीज पूर्ण गेली नव्हती. हे आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं प्रकरण त्यावरच उभं आहे. दाईची आणि दाईनी ही जपानमधली दोन्ही अणुवीज केंद्रं टेप्को या वीज कंपनीचीच, एकाच किनाऱ्यावर, मध्ये साधारण १२ किलोमीटरचं अंतर, भूकंप तोच आणि त्सुनामीपण तीच. दाईचीत तीन रिअॅक्टर वितळले आणि दाईनीतले चारही थंड झाले. म्हणून दाईनीबद्दल फारसं कुणी बोलत नाही. मला मात्र आणीबाणीत काय करावं हे शिकायला दाईनीच जास्त उपयोगी वाटतं, कारण इथे माणसांना काम करायला जागा उरली होती आणि त्यांनी तिचं काय केलं ते तासातासाने बघता येतं.

आधी प्लांट काय आहे ते बघू. नाराहा आणि तोमिओका या दोन गावांच्या हद्दीवर समुद्राला लागून चार बॉइलिंग वॉटर रिअॅक्टर, प्रत्येकी ११०० मेगावॅटचे. ११ मार्चला दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी ९.० तीव्रतेचा भूकंप झाला तेव्हा चारही युनिट फुल पॉवरवर होते आणि चारही आपोआप ट्रिप झाले. कंट्रोल रॉड आत गेले, फिशन थांबलं. इथपर्यंत सगळं डिझाइनप्रमाणे झालं. पण अणुभट्टी बंद केली म्हणजे चूल विझवली असं नसतं. फिशनमधून तयार झालेले पदार्थ पुढेही उष्णता देत राहतात, बंद झाल्या क्षणाला ती मूळ औष्णिक ताकदीच्या सहा-सात टक्के असते आणि एका दिवसानंतरही अर्ध्या टक्क्याच्या आसपास. दाईनीच्या एका युनिटची औष्णिक ताकद ३२९३ मेगावॅट, म्हणजे दुसऱ्या दिवशीसुद्धा साधारण १६ मेगावॅट उष्णता सतत निघतीये आणि ती कुठेतरी नेऊन टाकायची आहे. ही कुठेतरी म्हणजे समुद्र.

आणि नेमका तोच रस्ता तुटला.

भूकंपानंतर बाहेरून येणाऱ्या चार लाईनपैकी एक आधीच मेंटेनन्ससाठी बंद होती, दोन भूकंपाने गेल्या आणि एकच ५०० केव्हीची तोमिओका लाईन टिकली. मग साडेतीनच्या आत त्सुनामीची पहिली लाट आली. दाईनीचं डिझाइन धरलं होतं ५.२ मीटरच्या लाटेसाठी, प्रत्यक्षात समुद्राच्या बाजूला पाणी ९ मीटरपर्यंत चढलं, आणि दक्षिणेकडे युनिट १ च्या बाजूने रस्त्यावरून ते उसळून आणखी वर गेलं, १४-१५ मीटरच्या खुणा सापडल्या. मुख्य इमारती १२ मीटर उंचीवर होत्या म्हणून बऱ्याचशा वाचल्या. पण समुद्राचं पाणी ओढणारे पंप आणि हीट एक्स्चेंजर ज्या इमारतींत होते त्या अगदी खाली, ४ मीटरवर, कारण पंप पाण्याजवळच ठेवावे लागतात. दारं आत ढकलली गेली, मोटरी खाऱ्या पाण्यात बुडाल्या, पॅनल चिखलात. प्रत्येक युनिटला उष्णता बाहेर काढणाऱ्या दोन सिस्टीम, अशा एकूण आठ, त्यातली युनिट ३ ची एकच चालू राहिली. १२ इमर्जन्सी डिझेल जनरेटरपैकी ३ वापरण्यासारखे उरले. एक क्रेन ऑपरेटर भूकंपातच केबिनमध्ये अडकून मरण पावला, हेही इथे नोंदवायलाच हवं, दाईनीची गोष्ट सांगताना ते बऱ्याचदा राहून जातं.

म्हणजे संध्याकाळी परिस्थिती अशी: कंट्रोल रूममध्ये दिवे चालू, मीटर चालू, रिअॅक्टरमध्ये पाणी किती, प्रेशर किती, तापमान किती हे सगळं दिसतंय. रिअॅक्टरमध्ये पाणी घालायचीही सोय आहे, सुरुवातीला रिअॅक्टरच्या स्वतःच्याच वाफेवर फिरणारा पंप, आणि पुढे प्रेशर उतरवल्यावर कंडेन्सेट मेकअपच्या लाईनमधून साधं गोडं पाणी. इंधन उघडं पडणार नाही, एवढी निदान रात्रीपुरती खात्री. पण युनिट १, २ आणि ४ मध्ये उष्णता कुठेच जात नाहीये, ती कंटेनमेंटच्या, म्हणजे भट्टीभोवतीच्या बंद कवचाच्या, तळाशी असलेल्या पाण्याच्या कुंडात साठतीये, सप्रेशन चेंबर म्हणतात त्याला, आणि ते कुंड हळूहळू तापतंय. १२ तारखेला पहाटे ५:२२ ते ६:०७ च्या दरम्यान तिन्ही युनिटमध्ये त्याचं तापमान १०० अंशांच्या वर गेलं. याचा अर्थ वाफ आता थंड होऊन पाण्यात मुरणार नाही, प्रेशर चढत जाणार, आणि एका हद्दीनंतर कंटेनमेंट फुटू नये म्हणून आतली हवा बाहेर सोडावी लागणार. व्हेंट करणं म्हणजे किरणोत्सार आपल्या हाताने बाहेर सोडणं. त्याची तयारी १२ तारखेला चारही युनिटवर करून ठेवली गेली, व्हॉल्व्हची लाईनअप झाली. सकाळी पावणेआठला ३ किलोमीटरच्या आतल्या लोकांना हलवायचा आदेश निघाला, आणि त्याच दिवशी दुपारी ३:३६ ला दाईचीच्या युनिट १ मध्ये हायड्रोजनचा स्फोट झाल्यावर संध्याकाळी दाईनीभोवतीचीसुद्धा ही मर्यादा १० किलोमीटर केली गेली.

आता मुख्य भाग. साइट सुपरिंटेंडेंट होते नाओहिरो मासुदा. दाईनीत त्यांची बरीच वर्षं गेलेली, कुठली इमारत कुठे, कुठला पॅनल कुठे, हे डोक्यात पक्कं. खाली किनाऱ्यावर काय शिल्लक आहे हे कळल्याशिवाय काहीच ठरवता येत नव्हतं, आणि ते कळायला माणसं पाठवावी लागणार होती. अंधारात, थंडीत, आफ्टरशॉक चालू असताना, परत लाट येईल का याची कुणालाच खात्री नसताना. मॅनहोलची झाकणं उडालेली, वर पाणी साचलेलं, पाय कुठे पडेल सांगता येत नाही. आणि जाणाऱ्यांतल्या अनेकांची घरं त्याच किनाऱ्यावर, घरच्यांचा पत्ता नाही.

इथे मासुदांनी जे केलं ते मला या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. त्यांनी लगेच हुकूम सोडला नाही. व्हाइटबोर्ड घेतला आणि आफ्टरशॉक कधी आले, किती तीव्रतेचे होते, ते लिहायला सुरुवात केली, आकडे हळूहळू कमी होतायत हे सगळ्यांना दिसेल असं. म्हणजे धोका नाही असं ते म्हणालेच नाहीत, धोका किती आहे आणि कुठल्या दिशेने चाललाय एवढं समोर मांडलं. रात्री दहाच्या सुमारास त्यांनी युनिटमागे दहा अशी चाळीस माणसं पाठवली. सगळे गेले आणि सगळे परत आले. मला वाटतं, तिथे कुणी नुसतं जोरात बोलून चाललंच नसतं. समोर बसलेली माणसं इंजिनिअर आणि टेक्निशियन, त्यांना आकडे वाचता येतात, त्यांना खोटा धीर दिला असता तर तो लगेच कळला असता आणि पुढच्या चार दिवसांत त्या माणसाचा शब्द कुणी ऐकला नसता.

पाहणीत आलेलं चित्र वाईट होतं पण स्पष्ट होतं. मोटरी गेल्यात त्या बदलाव्या लागतील, पॅनल गेलेत म्हणजे पंपाला वीज वेगळ्या रस्त्याने आणावी लागेल. वीज कुठे आहे? समुद्रापासून लांबच्या रेडवेस्ट इमारतीत, म्हणजे किरणोत्सारी कचऱ्यावर प्रक्रिया होते तिथे, पुरवठा शाबूत होता. युनिट ३ च्या वाचलेल्या इमारतीत होता. शिवाय बाहेरून पॉवर सप्लायच्या गाड्या मागवता येणार होत्या. म्हणजे काम साध्या शब्दांत असं: साइटच्या एका टोकाची वीज दुसऱ्या टोकाच्या पंपापर्यंत केबल टाकून न्यायची. ऐकायला अगदी साधं आहे! पण लागणारी केबल एकूण ९ किलोमीटर, २०० मीटरचा एक तुकडा, त्याचं वजन साधारण एक टन. असं काम एरवी यंत्रं लावून महिनाभर तरी चालतं. इथे यंत्रं नेण्यासारखे रस्ते नव्हते आणि महिना नव्हता.

साहित्य आधी यायला पाहिजे ना. मोटरी काही मिये प्रीफेक्चरमधल्या कारखान्यातून सेल्फ डिफेन्स फोर्सच्या, म्हणजे जपानी सैन्याच्या, विमानाने, काही काशिवाझाकी-कारिवा या टेप्कोच्याच दुसऱ्या केंद्रातून ट्रकने. रस्ते खचलेले, फोन नीट लागत नाहीयेत, ट्रकवाल्यांना साइट कुठून गाठायची ते माहीत नाही. पुढे ज्याला लॉजिस्टिक्स म्हणून अहवालात एक परिच्छेद मिळतो तो भाग प्रत्यक्षात असा असतो, कुणीतरी रात्रभर जागून कुठला ट्रक कुठे अडकलाय ते शोधत बसलेलं असतं.

काशिवाझाकीचं नाव आलंच आहे तर थोडं बाजूला जाऊन सांगतो. तिथे १६ जुलै २००७ ला भूकंप झाला होता, युनिट ३ च्या ट्रान्सफॉर्मरला आग लागली ती विझवायला दोनेक तास लागले, आणि इमर्जन्सी रूमचा दरवाजा भूकंपाने वाकून बसला, आतली खास फोन लाईन वेळेवर वापरताच आली नाही. त्यावरून टेप्कोने आपल्या केंद्रांमध्ये भूकंपाचे हादरे कमी पोचतील अशा पायावर वेगळ्या इमर्जन्सी इमारती बांधल्या आणि फायर इंजिनं ठेवली. त्या इमारती २०१० मध्ये वापरात आल्या, म्हणजे या भूकंपाच्या जेमतेम काही महिने आधी. दाईची आणि दाईनी दोन्हीकडची माणसं २०११ मध्ये अशाच इमारतीत बसून काम करत होती. चार वर्षांपूर्वीच्या एका बंद पडलेल्या दरवाजाचा हा उपयोग झाला. पण २००७ मध्ये हादऱ्याचा धडा घेतला, पाण्याचा घेतला नाही, ही गोष्टही तितकीच खरी.

तर केबल. १२ आणि १३ मार्चला साधारण दोनशे माणसं, टेप्कोची आणि कंत्राटदारांची, खांद्यावर केबल घेऊन एका रांगेत ढिगाऱ्यातून, इमारतींना वळसे घालत चालत होती. जाड पॉवर केबल कधी ओढली असेल त्याला कळेल हे काय आहे, ती वाकत नाही, वळणावर अडते, एकाने सोडली की सगळ्यांच्या खांद्याला झटका बसतो. शिवाय नुसती टाकून भागत नाही, दोन तुकडे जोडायचे, टोकं सोलून लग (जोडणीची धातूची टोपणं) बसवायचे, फेज बरोबर लावायचे, फेज उलटे लागले तर मोटर उलटी फिरते आणि पंप पाणी देत नाही. दिवस-रात्र धरून तीसेक तासांत ते काम झालं.

आणि मध्येच प्लॅन बदलला. सुरुवातीला ठरलं होतं की युनिट २ सगळ्यात आधी, कारण आकडे तेच सांगत होते. म्हणून केबलचा रस्ता त्या हिशोबाने आखला, माणसं कामाला लागली. १३ तारखेला कंट्रोल रूममधून येणाऱ्या नोंदी बघताना दिसलं की युनिट १ चं कंटेनमेंट प्रेशर जास्त वेगाने चढतंय. आता विचार करा, दोन रात्री न झोपलेल्या, खांदे सोलवटलेल्या माणसांना जाऊन सांगायचं की क्रम बदललाय, अर्धी टाकलेली केबल आता दुसरीकडून न्यायची. मासुदांनी ते सांगितलं. आपला आधीचा निर्णय आता लागू पडत नाही हे सरळ कबूल केलं, कारण दिलं, नवा क्रम दिला आणि लोकांनी तो मान्य केला. बऱ्याच ठिकाणी मी उलटं बघितलंय, प्लॅन एकदा जाहीर झाला की तो चुकीचा दिसत असूनही पुढे रेटला जातो, कारण बदलला तर वरच्याची पत जाते. इथे पहिल्या रात्रीच्या व्हाइटबोर्डचा फायदा झाला असं माझं मत आहे. आकडे पहिल्यापासून सगळ्यांच्या समोर होते, त्यामुळे आकडे बदलले म्हणून प्लॅन बदलला हे कुणाला वेगळं समजावून द्यावं लागलं नाही.

१३ च्या मध्यरात्रीच्या सुमारास केबल पुरी झाली. १४ मार्चला रात्री १:२४ ला युनिट १ ची उष्णता काढणारी सिस्टीम सुरू झाली. व्हेंट करावं लागलं असतं त्याच्या काही तासच आधी. सकाळी ७:१३ ला युनिट २, दुपारी ३:४२ ला युनिट ४. कुंडाचं तापमान उतरायला लागलं, प्रेशर उतरलं, त्याच दिवशी संध्याकाळी ५ ला युनिट १ आणि ६ ला युनिट २ कोल्ड शटडाउनमध्ये गेले, म्हणजे रिअॅक्टरमधलं पाणी १०० अंशांच्या खाली. युनिट ३ चं तर १२ तारखेला दुपारीच झालं होतं, वाचलेल्या त्या एका सिस्टीमच्या जोरावर. एकाही युनिटला व्हेंट करावं लागलं नाही, समुद्राचं पाणी भरावं लागलं नाही. युनिट १, २ आणि ४ ची घटना अणुअपघातांच्या आंतरराष्ट्रीय मापावर लेव्हल ३ ठरली, दाईची लेव्हल ७.

आता यातून दाईनीची माणसं शहाणी आणि दाईचीची कमी पडली असा निष्कर्ष काढणारे लेख मी वाचलेत आणि ते मला पटत नाहीत, खरं तर वाईट वाटतं. दाईचीत लाट जास्त मोठी होती, मुख्य इमारती १० मीटरवर होत्या म्हणजे दाईनीपेक्षा खाली, बाहेरची वीज पूर्ण गेली, १३ डिझेल जनरेटरपैकी एकच टिकला, तोही युनिट ६ चा. बॅटऱ्या आणि डीसी पॅनलसुद्धा बुडाल्यामुळे युनिट १ आणि २ च्या कंट्रोल रूममध्ये काळोख. मीटर मेलेले. युनिट १ मध्ये आयसोलेशन कंडेन्सर नावाची विजेशिवाय चालू शकणारी कूलिंगची सोय होती, पण तिचे व्हॉल्व्ह उघडे आहेत की बंद हेच कळत नव्हतं, इमर्जन्सी सेंटरमध्ये बराच वेळ ती चालू आहे असं धरलं गेलं, आणि नंतर थोडा वेळ परत आलेल्या वॉटर लेव्हल मीटरने पाणी इंधनाच्या वर आहे असं दाखवलं, तेही चुकीचं. लोकांनी गाड्यांच्या बॅटऱ्या काढून मीटरला जोडल्या. त्या माणसांची हिंमत कणभरही कमी नव्हती. त्यांना दिसतच नव्हतं.

माझा मुद्दा इथे आहे. दाईनी पंपामुळे वाचली हे बरोबरच, पण पंप कुठला आधी आणि किती वेळात हे ठरवता आलं ते मीटर चालू होते म्हणून. ती एक तोमिओका लाईन पंपांना वीज देऊ शकली नाही, पण कंट्रोल रूमला डोळे देऊ शकली, आणि त्या डोळ्यांवर युनिट २ ऐवजी युनिट १ हा निर्णय उभा राहिला. दाईचीत नेमकं हेच नव्हतं. म्हणून आणीबाणीच्या तयारीत पाणी कुठून आणणार याच्या बरोबरीने, माझ्या मते त्याच्याही आधी, काहीही बुडालं तरी पाण्याची पातळी, प्रेशर आणि तापमान हे तीन आकडे कसे वाचणार याचं उत्तर पाहिजे, वेगळ्या उंचीवर ठेवलेल्या, वेगळ्या वायरिंगच्या बॅटरीसकट. फुकुशिमानंतर जगभर हलवता येणारे पंप आणि जनरेटर ठेवले गेले, ते चांगलंच झालं, पण ते कुठे जोडायचे हे सांगणारा मीटर बंद असेल तर अंधारात चाचपडणंच आहे.

आणि नशिबाचा भागही लपवू नये. तो दिवस शुक्रवार होता, दुपारची वेळ, साइटवर माणसं भरपूर. हाच भूकंप शनिवारी रात्री झाला असता तर दोनशे खांदे कुठून आणणार होते? चारपैकी चौथी लाईन पडली असती तर? वाहून नेलेली केबल हा पराक्रम खराच, पण पुढच्या आराखड्यात दोनशे माणसं केबल उचलतील असं कुणी गृहीत धरत असेल तर तो आराखडा नव्हे. किनाऱ्यावरचे पंप बुडणार नाहीत अशा बंद खोल्यांत, सुक्या मोटरी उंचावर राखीव, कायमची टाकलेली जादा केबल, ही कामं आधी करायची असतात.

१५ मार्चला सकाळी ७:१५ ला दाईनीचं शेवटचं युनिट, चार नंबर, कोल्ड शटडाउनला गेलं. त्याच सकाळी सहाच्या पुढे दाईचीच्या युनिट ४ च्या इमारतीत स्फोट झाला होता आणि तिथली साडेसहाशेच्या आसपास माणसं बसमध्ये आणि गाड्यांमध्ये बसून दाईनीकडे निघाली. दाईनीच्या लोकांनी त्यांना आपल्या जिम्नॅशियममध्ये घेतलं. चार दिवस स्वतः न झोपलेली माणसं ही.

पुढे दोन-तीन महिन्यांनी दोन्ही केंद्रांतल्या सुमारे १५०० कर्मचाऱ्यांची मानसिक तपासणी झाली, त्यात दिसलं की टेप्कोचे म्हणून ज्यांना लोकांचे शिव्याशाप आणि भेदभाव सोसावा लागला त्यांच्यात मानसिक त्रासाचं प्रमाण जास्त होतं. त्यात दाईनीचेही लोक होते. २०१४ मध्ये मासुदांवर दाईची मोडीत काढण्यासाठी केलेल्या नव्या विभागाची जबाबदारी आली. जुलै २०१९ मध्ये कंपनीने दाईनीचेही चारही रिअॅक्टर कायमचे बंद करायचं जाहीर केलं, त्यांनी त्या मार्चनंतर पुन्हा कधी वीज तयार केली नव्हती.